अंग धरतंय

तट्टूच्या बाबतीत पहिली गोष्ट अशी, की त्याचा विमा नव्हता. नशिराबादच्या अलीकडे हायवेवर जी पिकअप उलटली होती तिचा होता, तिच्यात भरलेल्या लोखंडी कपाटांचा होता, ड्रायव्हरचा होता, आणि चहाच्या ज्या टपरीला तिनं आडवं केलं तिचासुद्धा निघाला; टपरीवाल्याला ते माझ्याकडूनच कळलं आणि त्यानं मला फुकट चहा पाजला. मी विम्याचा सर्व्हेअर. मोडलेल्या वस्तू पाहायच्या, किती मोडल्या ते ठरवायचं, आणि त्या आधीपासूनच मोडलेल्या होत्या का असा सभ्यपणे संशय घ्यायचा, हे काम मी सव्वीस वर्षं करतोय. तट्टू कपाटांच्या मागे फळीला बांधलेलं होतं. लोकांनी दोर कापून त्याला बाहेर काढलं, तेव्हापासून ते दुभाजकापाशी उभं राहून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा कोपरा चावत होतं. अपघातात त्याला खरचटलंही नव्हतं. त्याचं जे व्हायचं ते आधीच झालेलं होतं. बरगड्या मोजता येत होत्या. मी सवयीनं मोजल्या. कमरेची हाडं कातड्याखालून अशी वर आली होती, की त्यांच्यावर ओला टॉवेल वाळत घालता आला असता. ड्रायव्हर म्हणाला, पारोळ्याच्या बाजारात एका माणसानं भुसावळला सोडायला दिलंय, नाव माहीत नाही, नंबर आहे. नंबर बंद होता. पंचनामा करणारा हवालदार नथ्थूभाऊ माझ्या ओळखीचा. “साहेब, हे तुमच्यात कुठं बसत नाही का?” त्यानं विचारलं. मी म्हणालो, बसत नाही. मग त्यानं एक कागद पुढे केला. तात्पुरता ताबा, कोणीतरी सही केली म्हणजे रस्ता मोकळा होईल, मालक सापडला की घेऊन जाईल. मी सही केली. दयेबियेचा काही प्रश्न नव्हता. समोर कागद आला की मी सही करतो. गेल्या दीड वर्षात तर बऱ्याच केल्या, दवाखान्यात, स्मशानातल्या रजिस्टरात, बँकेत, आणि प्रत्येक वेळी सही तंतोतंत सारखी आली, एखाद्या ठणठणीत माणसाची येते तशी.

‘छोटा हत्ती’ टेम्पोत घालून तट्टू जळगावला आमच्या कॉलनीत आलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. श्रावणातला गुरुवार होता. मेघा, माझी बायको, दारात आली. तिनं तट्टूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, गाडी कुठं लावणार? बाकी काही विचारलं नाही. दीड वर्षात तिनंही प्रश्नांची यादी बरीच आवरती घेतली आहे. गाडी रस्त्यावर गेली आणि तट्टू पोर्चमध्ये आलं. माय आतून आली. माय म्हणजे माझी आई, प्रमिलाबाई, वय शहात्तर, पन्नास वर्षं शहरात काढूनही बोलणं गावचंच. “कितलं वाळी गयं शे रे हाई,” ती म्हणाली आणि तशीच मागं वळली. ती कुठं वळली हे मला न पाहता कळलं. आमच्या घरात एक नियम आहे, भुक्याले इचारनं नही, वाढनं. दहा मिनिटांत ती परातभर कालवलेलं पीठ, वर गुळाचा खडा, असं घेऊन बाहेर आली. त्याच वेळी फाटकातून डॉक्टर दिपमाला आत येत होत्या, म्हणून पुढचं सगळं घडलं. जनावरांच्या दवाखान्यातल्या या डॉक्टर, नथ्थूभाऊनं फोन करून पाठवलेल्या, तिशीच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या. त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाल्या, “आक्का, ती परात आत न्या. ती ठेवली तर हे रविवारपर्यंत मरेल.”

माय परात घेऊन उभीच राहिली. तिला आयुष्यात कोणी वाढण्यावरून बोललं नव्हतं. डॉक्टरांनी तट्टूचे दात पाहिले, जबड्याखाली बोटं ठेवून ठोके मोजले, पोटाभोवती टेप लावला आणि एकशे साठ किलो असं स्वतःशीच म्हणाल्या. दोनशे वीसच्या आसपास हवं होतं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी तोंडावर नेहमीचं सर्व्हेअरचं लक्ष ठेवून ऐकलं. उपाशी शरीर स्वतःलाच खाऊन जगत असतं, त्याची त्याला सवय होते. अशा वेळी अचानक धान्य, पीठ, गूळ पोटात गेलं की शरीर घाईला येतं, रक्तातले क्षार ओढून घेतं, आणि हृदयाला लागतात तेवढेही रक्तात उरत नाहीत. पहिल्या दिवशी काही होत नाही. जनावर चवीनं खातं, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, सगळ्यांना बरं वाटतं. मग पाय सुजतात. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी ते पडतं. “लोक म्हणतात, बरं होत होतं आणि गेलं,” डॉक्टर म्हणाल्या. “बरं होत नसतं. आणि पाय सुजले तर मला लगेच फोन करा. ते अंग धरणं नव्हे.” हे त्यांनी तट्टूबद्दल सांगितलं. मी मान हलवली. आतून मेघानं विचारलं चहा ठेवू का, आणि मी हो म्हणालो, साखर कमी, असंही म्हणालो. त्या क्षणी मला काय झालं हे लिहायचं तर एवढंच लिहिता येईल, की साखर कमी असं मी कधी म्हणत नाही.

ललित माझा धाकटा भाऊ. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि धुळ्याला खोली घेऊन राहायचा. दारू होती. त्याची बायको रूपा दोन वर्षं सहन करून पारोळ्याला माहेरी गेली, आणि मग दारूला घरात एकटीला रान मिळालं. गेल्या वर्षी माघात त्याच्या घरमालकाचा फोन आला, की तुमचा भाऊ वीस दिवस दाराबाहेर आलेला नाही, कामावर नाही, डबा बंद आहे, फक्त बाटली आणि चहा मागवतो. मी गाडी घेऊन गेलो. त्यानं दार उघडलं तेव्हा मला वाटलं दुसराच कोणी भाडेकरू आहे. पँट सुतळीनं बांधलेली होती. गालांचे खड्डे, आणि त्या खड्ड्यांवर मोठे झालेले डोळे, आणि त्या डोळ्यांत मला पाहून आलेली एक ओशाळी खूश नजर, लहानपणी पतंग फाडून आला की यायची तशी. मी त्याला रागावलो नाही, याचा मला पुढे कितीतरी दिवस अभिमान होता. गाडीत बसवला, काचा वर केल्या, जळगावच्या रस्त्याला लागलो. पारोळ्यात तो म्हणाला, दादा, जिलबी खावीशी वाटतेय. वीस दिवसांत त्याला पहिल्यांदा काही खावंसं वाटत होतं. मी गाडी थांबवली. अर्धा किलो घेतली, गरम. तो कागदावरच खात गेला, पाक कोपरापर्यंत आला, मी रुमाल दिला, आणि गाडी चालवताना मला असं वाटत होतं की मी माझ्या भावाला वाचवून आणतोय. घरी पोचायच्या आधी त्यानं तोंड पुसलं, आणि कागद मी एरंडोलच्या पुढे काच खाली करून टाकून दिला, मायला कळलं तर म्हणेल घरचं सोडून बाहेरचं चारलंस. म्हणून जिलबीचं कोणालाच माहीत नाही.

घरी मायनं जे केलं ते कोणत्याही मायनं केलं असतं, निदान आमच्या गल्लीतल्या. पहिल्या रात्री खापरावरच्या पुरणपोळ्या, तूप. दुसऱ्या दिवशी भरीत-पुरी, शिरा. शेजारच्या मंजुळाबाईंनी खीर आणली. तो खात होता, आणि आम्ही सगळे बसून पाहत होतो, जसं क्रिकेट पाहतात. तिसऱ्या दिवशी त्याचे पाय भरले. माय मला हाताला धरून खोलीत घेऊन गेली आणि त्याच्या पायांवरून पांघरूण बाजूला करून हळूच म्हणाली, पाहा, आंग धरी ऱ्हायना. मी पाहिलं. मला आनंद झाला. तो माझा शेवटचा धडधाकट आनंद असावा, कारण त्यानंतर त्या जातीचं काही मला झाल्याचं आठवत नाही. चौथ्या दिवशी दुपारी तो चप्पल घालायला वाकला आणि सरळ झाला नाही. डॉक्टरनं हृदयविकार लिहिलं. लोक आले, बसले, आणि म्हणाले, बरा होत होता आणि गेला. तेराव्याला रूपा आली तेव्हा माय तिला सगळ्यांदेखत म्हणाली, की तू उपाशी ठेवलंस माझ्या पोराला, तुझ्यामुळे गेला. रूपा उठली. पिशवी उचलून बसस्टँडला गेली. तिला सोडायला कोणीतरी जायला हवं होतं. मी मांडववाल्याशी बोलत होतो.

तट्टूसाठी मी एक कागद केला आणि पोर्चच्या भिंतीला चिकटवला. वाळलेला लसूणघास, साडेतीनशे ग्रॅम, दर चार तासांनी. पाच, नऊ, एक, पुन्हा पाच, नऊ, एक. धान्य नाही, हरभरा नाही, गूळ नाही, ढेप नाही, पोळी नाही. पाणी कितीही. पाचव्या दिवसापासून मुठीमुठीनं वाढवायचं, दहा दिवस काढायचे. दीपकला, म्हणजे माझ्या पुण्यातल्या मुलाला, बॅगा तोलायला घेतलेला काटा होता, त्याला पिशवी अडकवून मी घास तोलत असे. साडेतीनशे ग्रॅम घास म्हणजे काहीच नाही. तट्टू तो चार मिनिटांत संपवायचं आणि मग उरलेले तीन तास छप्पन्न मिनिटं माझ्याकडे पाहत राहायचं. कॉलनीला हे पाहवेना. घोड्याला चारण्यात पुण्य असतं हे सगळ्यांनाच माहीत, आणि इथं पुण्य पोर्चमध्ये उभं होतं, भाडं न देता. मंजुळाबाई भिजवलेले हरभरे घेऊन आल्या. एक निवृत्त मुख्याध्यापक केळी घेऊन आले. मी कागदाकडे बोट दाखवलं. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, शुद्धलेखन तपासल्यासारखा, आणि म्हणाले, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं काय ऐकता. मंजुळाबाई मेघाला म्हणाल्या, तुमचे हे जरा हात आखडतातच, नाही? मेघानं ते मला जेवताना सांगितलं. मी म्हणालो, भाजी छान झालीये. ती म्हणाली, आज भाजी केलेलीच नाही, ते पिठलं आहे.

खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत मला पोर्चकडे जायची भीती वाटत नव्हती, तरी मी घड्याळाकडे दर दहा मिनिटांनी पाहत होतो; भीतीचं हे काम हात परस्पर करत असावेत. तट्टू मेलं असतं तर प्रश्न मिटला असता. वाळलेली जनावरं मरतात, माणसंही मरतात, कोणी काय करणार. पण ते या साडेतीनशे ग्रॅमच्या हिशेबानं जगलं असतं, तर ललितही जगला असता असा त्याचा सरळ अर्थ होता, आणि तो अर्थ पोर्चमध्ये चार पायांवर उभा राहून, शेपटीनं माश्या वारत, रोज थोडा थोडा जाड होत गेला असता. म्हणजे मी दर चार तासांनी उठून, काट्यावर तोलून, स्वतःविरुद्धचा पुरावा पोसत होतो. माझ्या धंद्यात असं कोणी केलं तर आम्ही त्याला वेडा म्हणतो आणि क्लेम मंजूर करतो. तरी मी एकही वेळ चुकवली नाही. एकदाही ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही. शनिवारी तट्टूनं घास संपवून माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं. जड होतं ते, ओलसर, आणि त्याला शाळेच्या जुन्या पेटीचा वास येत होता. मी तसाच उभा राहिलो. हलावं असं काही वाटलं नाही, आणि न हलावं असंही.

त्या रविवारी कानबाई होत्या. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण, पण थोडक्यात असं, की श्रावणातल्या एका रविवारी देवी घरी बसते, नारळाला नथ-साडी नेसवून, आणि तिच्यासाठी जे रोट होतात ते घरातल्या पुरुषांच्या मोजणीनं होतात. दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, तेवढाच दळायचा, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्यानं खायचे नाहीत, फेकायचे तर नाहीतच, पुनवेच्या आत संपवायचे. गेल्या वर्षी आमच्याकडे कानबाई बसल्या नाहीत, वर्ष मोडायचं होतं. म्हणजे ललित गेल्यानंतरची ही पहिली मोजणी. आम्ही आता चार: मी, दीपक, चुलतभाऊ छगन आणि त्याचा मुलगा. आठवड्यापूर्वी माय सुपात गहू घेत होती तेव्हा मी शेजारी पेपर वाचत होतो. तिनं मूठ भरून नावं घेतली, हितू, दीपक, छगन, छगनना पोऱ्या. मग थांबली. मग आणखी एक मूठ आणि पाव मूठ सुपात पडली, नाव न घेता. मी पेपरचं पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते मला अजून आठवतं, विहिरीत पडलेल्या बिबट्याची बातमी होती. बिबट्याला सुखरूप काढलं होतं.

रविवारी एक वाजता मी काटा आणि घास घेऊन पोर्चमध्ये गेलो तर माय पायरीवर बसली होती आणि तट्टूच्या ओठांना पिवळं लागलेलं होतं. शेजारी ताट, स्वच्छ चाटलेलं. मला विचारावं लागलं नाही. ती स्वतःच सांगू लागली, शांतपणे, जसं भाजीचे भाव सांगतात. चौघांचे रोट संपले, दीपकचे छगननं खाल्ले, ते चालतं. पाचवा राहिला. तो मंजुळाबाईला देता येत नाही, गाईला घालायचा तर गाय कोणाची कोण जाणे, मातीत पुरायचा तर तिच्यानं होईना. आणि हे तट्टू तर सही करून घरात आणलेलं. “घरात उना तो भाऊबंद,” ती म्हणाली. “ललितनं नाव मी लिधं आनि याले दिधं. एकच दिधा रे. कितलं गोड करी खादं त्यानं.” सव्वा मूठ गव्हाचं पीठ, पुरण, गूळ, तूप. चौथा दिवस.

डॉक्टर दिपमाला गावी गेल्या होत्या. फोनवर त्या म्हणाल्या, आता साध्या वाळल्या गवताशिवाय काही देऊ नका, चालवू नका, ठोके मोजत राहा, मी निघते. तीन तासांनी त्या मोटारसायकलवर भिजून आल्या, फॉस्फरसचं आणि बी-वनचं इंजेक्शन दिलं, आणि मायला एक शब्दही बोलल्या नाहीत, त्यामुळे माय जास्त घाबरली. आत बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या. मी जबड्याखाली बोटं ठेवून ठोके मोजत होतो आणि कागदावर लिहीत होतो, चौसष्ट, अडुसष्ट, बहात्तर. आत गाणं संपलं की बाहेरचे ठोके नीट ऐकू यायचे. त्यांतला कोणता तट्टूचा आणि कोणता माझ्या बोटाचा, हे शेवटी शेवटी कळेना.

सोमवारी सकाळी कानबाईला वाजतगाजत निरोप देऊन आम्ही परत आलो. माय पूजेचं ताट हातात घेऊनच पोर्चकडे वळली आणि तिथून तिनं मला हाक मारली. आवाजात कितीतरी दिवसांनी काहीतरी होतं. तट्टूचे मागचे पाय ढोपरापासून खाली भरले होते, गोल, तुकतुकीत. माय त्यांच्याकडे पाहून हसत होती. “देख हितू, काल खादं ते लागी गयं. आंग धरी ऱ्हायना.”

मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि खाली ठेवलं. मग मी म्हणालो, “माय, ती सूज आहे. ललितचे पाय असेच होते.” एवढ्यावर थांबता आलं असतं. पण सुरू झालेलं बोलणं एकदा माझ्या तोंडातून रिपोर्टच्या चालीत बाहेर पडायला लागलं की मधे थांबत नाही. मी तिला सगळं सांगितलं. वीस दिवस उपास, मग पुरण, तूप, शिरा, तिसऱ्या दिवशी सूज, चौथ्या दिवशी हृदय. तारखांसकट सांगितलं. दारूचा धक्का असेल, यकृतही असेल, पण हे होतंच, आपण त्याला असंच खाऊ घातलं, असं म्हणालो. आपण म्हणालो. पारोळ्यातल्या दुकानाचा उल्लेख केला नाही. रिपोर्टमध्ये एखादी बाब राहून जाते ती नेहमीच विसरून राहिलेली नसते, हे मला धंद्यानं शिकवलं आहे. माय ऐकत होती. तिनं पदर तोंडाला लावला नाही, काही नाही. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, “हाई तुले कवय मालूम पडनं?” मी म्हणालो, गुरुवारी. ती म्हणाली, “चार दिन तू माले सांगं नही.” आणि आत गेली.

मंगळवारी तट्टू खाली बसलं आणि तासभर उठेना. मी आणि मेघानं त्याला गोणपाटाच्या पट्ट्यानं आधार दिला. मेघाच्या साडीला शेण लागलं, आणि ती म्हणाली, आधी डोकं वर धरा त्याचं, ललितभाऊजींचं कोणी धरलं नव्हतं. म्हणजे तिनंही खिडकीतून ऐकलं होतं. घर लहान आहे. तट्टू उठलं. पाय थरथरत होते पण उठलं, आणि उठून ते बादलीभर पाणी प्यालं. माय त्या दिवशी जेवली नाही. मी म्हणालो जेव, तर म्हणाली, काय भेव वाटस जेवाले.

बुधवारी सूज उतरली. डॉक्टर आल्या, ठोके मोजले, छत्तीस ते चाळीस जे काही हवं असतं त्याच्या जवळपास आले होते. म्हणाल्या, धोका बराचसा टळला, आता घास चारशे ग्रॅम करा, हळूच. मी कागदावर लिहिलं. तेव्हा माय बाहेर आली. तिनं डॉक्टरांना खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसली. शुद्ध बोलायचा प्रयत्न करत तिनं विचारलं, “बाई, माणसाचं पण असंच होतं का?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी घासाच्या पिशवीकडे पाहिलं. “होतं, आक्का,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गावात बिनपाण्याच्या वर्षी माणसं कामाला लांब जायची आणि कधी कधी नुसती हाडं घेऊन परत यायची. त्यांची भुरीबाई आजी अशा माणसाला आठ दिवस फक्त ज्वारीची पातळ पेज द्यायची, वाटीनं, मीठ घालून. तो रडायचा, शिव्या द्यायचा, भाकरी दे म्हणून बायकोला मारायला धावायचा. आजी भाकरीची टोपली उचलून दुसऱ्याच्या घरी ठेवायची.

“तिले कोनी सांगं व्हतं?” माय म्हणाली. शुद्ध बोलायचं तिच्याकडून राहून गेलं.

“कोणी नाही. आमच्याकडे भूक होती ना, आक्का.”

आमच्या घरात उपास भरपूर झाले, एकादशीचे, सोमवारचे, साबुदाण्याचे, दाण्याच्या आमटीचे. भूक अशी कोणाला पाहायलाच मिळाली नव्हती. ललितच्या रूपानं ती पहिल्यांदा घरात आली आणि आम्ही तिला पाहुण्यासारखं वागवलं. डॉक्टर चहा न घेता गेल्या. तट्टू ओठांनी जमीन चाचपत पडलेल्या काड्या वेचत होतं, एकेक, कुठं काही घाई नसल्यासारखं. ते जगणार होतं. मला बरं वाटतंय का हे मी तपासून पाहिलं, जसं जीभ लावून दात तपासतात. तिथं अजून काही नव्हतं, पण जागा कुठली आहे ते कळत होतं.

“रूपाले फोन लाव,” माय म्हणाली.

मी म्हणालो, काय सांगणार तू तिला? दीड वर्षानं? ती म्हणाली, ते मी देखसू, तू लाव. मी लावला. पाचव्या रिंगला रूपानं उचलला आणि अगदी सावध आवाजात म्हणाली, बोला दादा. पलीकडे लहान मुलांचा गलका होता, ती आता तिथल्या अंगणवाडीत जाते असं ऐकलं होतं. मी म्हणालो, माय बोलतेय. पलीकडचा गलका कमी झाला. ती बाहेर आली असावी. मायनं फोन दोन्ही हातांत धरला, आरसा धरतात तसा तोंडासमोर.

“रूपा, कापू नको. माले एकच सांगनं शे. ललित तुन्हामुये नही गया. मी जेवाडं त्याले. भुक्या पोटले पुरन वाढं मी, त्याच्यामा गया. लोकेस्मा तुले बोलनू. माले माफ कर असं म्हनत नही. तुले मालूम पाहिजे.”

फोन चालू होता, आकडे पुढे सरकत होते. मग रूपाचा आवाज आला, पातळ, लांबचा. तिनं विचारलं, तुम्ही एकट्यांनीच, आत्या? मायनं उत्तर दिलं, हाव, मी एकलीच. ती रडत नव्हती. तिनं ते सगळं एकटीनं घ्यायचं ठरवलं होतं, जसं लग्नकार्यात भांडी घासायचं काम ती कोणाला घेऊ देत नाही.

मी तिच्या हातातून फोन घेतला. तिनं सोडला नाही, मला जरा ओढावा लागला.

“रूपा,” मी म्हणालो, “हितेंद्र बोलतोय. तो घरी पोचायच्या आधी पारोळ्यात मी त्याला अर्धा किलो जिलबी चारली. तुझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. हे मायलाही माहीत नाही.”

माय माझ्याकडे पाहत होती. पलीकडे रूपा श्वास घेत होती, तो ऐकू येत होता. मी फोन कानाला धरून उभा राहिलो, आणि ती काय म्हणते याची मला भीती वाटू लागली.